पाहुणा तुमचा की आमचा

सरकारी नोकरीतले किस्से खरकट्या भांड्यांसारखे असतात. एक घासायला घ्यावं तोवर मोरीत आणखी चार पडलेली. मी शाळेत फारसा गेलो नाही. पण चौदा वर्षं लंडनमध्ये सरकारची गाडी चालवली, आणि शिकलेली माणसं काय करतात ते आरशातून बघितलं.

आमचं एक सरकारी गेस्टहाउस होतं. बाहेरच्या मुलखातले राजे, मंत्री तिथे उतरायचे. मी ड्रायव्हर. स्वयंपाकाला शमुवेल पेणकर, अलिबागकडचा बेने इस्रायली ज्यू. हाताला चव आणि जिभेला धार. पाहुणा वसाहतीतला असला तर खर्च वसाहतींच्या खात्याचा, तिथले साहेब मिस्टर पिम. पाहुणा परक्या देशाचा असला तर खर्च परदेश खात्याचा, तिथले साहेब मिस्टर डॉज. दोघांचं आयुष्य एकाच कामात गेलं. पाहुणा आपला नाही हे सिद्ध करण्यात.

पेणकरचं दुखणं वेगळं होतं. माझा पगार गॅरेजमधून यायचा. त्याचा पगार पाहुण्यांच्या खर्चात लिहायचे, बटाट्यांच्या खालच्या ओळीत. त्याला पक्कं व्हायचं होतं, म्हातारपणी पेन्शन हवी होती. दरवर्षी तो दोन्ही खात्यांना अर्ज करायचा. दोन्हीकडून उत्तर यायचं, दुसरीकडे विचारा.

*

एका जानेवारीत आफ्रिकेतला एक राजा आला. खोलीत एकच हीटर, त्याने दुसरा मागितला. पिम म्हणाले, राजा आमचा, पण थंडी लंडनची, ती आमच्या खर्चात बसत नाही. डॉज म्हणाले, थंडी कुणाचीही असो, कुडकुडणारा तुमचा. आठ दिवस पत्रापत्री चालली.

माझ्या गाडीचं पेट्रोल मात्र मंजूर होतं. मग राजेसाहेब नाश्ता झाला की थेट गाडीत येऊन बसायचे. इंजिन चालू, हीटर चालू, गाडी दारातच उभी. भेटायला येणारे बडे लोक हॅट काढून, वाकून मागच्या सीटवर शिरायचे. आठ दिवसांत गाडी मैलभरसुद्धा हलली नाही आणि टाकी दोनदा रिकामी झाली.

पिमनी मला बोलावून विचारलं, एवढं पेट्रोल गेलं कुठे?

मी म्हटलं, "थंडी प्यायली, साहेब."

*

मग एक शेख आले. त्यांचा मुलूख वसाहत नव्हता आणि परकाही नव्हता. इंग्रजांच्या संरक्षणाखाली होता म्हणे. म्हणजे काय ते शेखांनाही नीट सांगता येईना. शेवटी साहेबांनी तडजोड केली. दुपारचं जेवण पिमचं, संध्याकाळचं डॉजचं.

पेणकरने कोठीत दोन फळ्या केल्या. तांदूळ दोन डब्यांत, तेल दोन बाटल्यांत, मीठ दोन बरण्यांत. एकदा डॉज तपासणीला आले आणि संध्याकाळच्या रश्श्याचा चमचा तोंडात घालून म्हणाले, छान झालाय.

पेणकर म्हणाला, "होणारच. मीठ पिमसाहेबांचं आहे."

डॉजनी तोंडातला घास गिळावा की थुंकावा, हे ठरेपर्यंत माझा चहा पिऊन झाला.

*

पुढे वसाहती भराभर सुटायला लागल्या. पूर्वेकडच्या एका बेटाचे मंत्री इथे उपचाराला आले आणि पाय प्लास्टरमध्ये म्हणून अडकून पडले. नेमकं त्याच आठवड्यात त्यांचं बेट स्वतंत्र होणार होतं. तिकडे मध्यरात्री झेंडा बदलायचा, म्हणजे आमच्याकडे दुपारी साडेचारला. ऐन चहाच्या वेळी.

पिम आणि डॉज दोघेही हजर. ठरलं असं की साडेचारपर्यंतची सँडविच पिमच्या खर्चाने, नंतरचा केक डॉजच्या. पिम मंत्र्यांच्या खुर्चीमागे घड्याळ हातात धरून उभे राहिले. मंत्री बिचारे सावकाश खाणारे. शेवटी त्यांनी पेणकरला हळूच विचारलं, हा माणूस माझ्या मानेवर का उभा आहे?

पेणकर म्हणाला, "ते तुमचे जुने मालक आहेत. सँडविच संपली की जातील."

*

मग वरच्यांनी दोन्ही खाती एकत्र केली. आम्हाला वाटलं, सुटलो. पेणकर साठी ओलांडून गेला होता, गुडघे गेले होते. म्हणाला, तावडे, आता तरी माझा कागद होईल, तू जाऊन बघून ये.

मी गेलो. पिम आणि डॉज एकाच खोलीत समोरासमोर बसलेले, टेबलाला टेबल लागून. पिमनी पेणकरच्या अर्जावर काहीतरी लिहिलं आणि घंटी वाजवली. शिपाई कागद घेऊन बाहेर गेला, कॉरिडॉर फिरला, दुसऱ्या दाराने आत आला आणि डॉजसमोर ठेवला. डॉजनी वाचला, लिहिलं, घंटी वाजवली.

पिमचं म्हणणं, स्वयंपाकी भारतीय, भारत आता परदेश, म्हणून तो डॉजचा. डॉजचं म्हणणं, जन्मला तेव्हा भारत वसाहत होता, म्हणून तो पिमचा. मी दीड तास उभा होतो. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

*

शेवटी गेस्टहाउस बंद करायचं ठरलं, आणि पेणकरला पत्र आलं. पेन्शनचं नव्हतं. नोकरांच्या यादीत पेणकर नावाचा माणूसच सापडला नव्हता. सापडला तो पाहुण्यांच्या खर्चात. पाहुण्याला चौदा दिवस राहायची मुभा, हा चौदा वर्षं राहिला. तळघरातल्या खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च त्याने भरावा, असं लिहिलं होतं. खाली पिम आणि डॉज, दोघांच्याही सह्या. एका कागदावर मी पहिल्यांदाच बघितल्या.

पेणकरने पत्र खिशात घातलं, लग्नाचा सूट चढवला, टाय बांधला आणि गाडीत मागे जाऊन बसला. माझ्या गाडीत तो कधी मागे बसला नव्हता.

ऑफिसात मी खोलीचं दार धरलं. पेणकरने कोपऱ्यातली खुर्ची ओढली. पिम पटकन म्हणाले, "त्या बाजूला बसा." डॉज म्हणाले, "इकडे नाही." पेणकरने खुर्ची दोन टेबलं जिथे टेकतात बरोबर तिथे ठेवली, बसला, नॅपकीन गळ्याला लावला आणि पत्र समोर ठेवलं.

"चौदा वर्षांचा पाहुणा आहे मी," तो म्हणाला. "जेवायला काय आहे?"

दोघांनी घंटी वाजवली. शिपायाला काय सांगायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी कँटीनमधून एक ताट आलं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला पेणकर पुन्हा खुर्चीत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, ताटाबरोबर पेन्शनचा कागद आला, दोन सह्यांचा. पेणकरने तो दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि ताट चाटून पुसून संपवलं.

शुक्रवारी सकाळी बघतो तर हा पुन्हा सूट घालून गाडीपाशी उभा.

मी म्हटलं, "आता कशाला रे? कागद मिळाला ना?"

"अरे, आज शुक्रवार," पेणकर म्हणाला. "कँटीनमध्ये मासे असतात."