उन्हात न दिसणारी ज्योत

शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. सातवीच्या मुलांना मी प्रयोगशाळेत कसं वागायचं ते सांगत होते. टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्यावर खिडकीतलं ऊन थेट येत होतं.

"बाई, दिवा विझलाय," म्हणत सायलीने वातीकडे बोट नेलं. मी झटकन तिचं मनगट पकडलं आणि वातीवर कोरा कागद धरला. ज्योत कुठेच दिसत नव्हती, तरी कागद मधोमध काळवंडत गेला.

"बाई, असं न दिसता अजून काय काय पेटलेलं असतं?" सायलीने हळूच विचारलं.

समोरच्या त्या शांत, कोवळ्या चेहऱ्यांकडे पाहताना मला पहिल्यांदाच भीती वाटली.