पितळेची चव

इंग्लंडातल्या लडलो गावच्या बस आगारात क्लिफर्ड प्यूने जन्मभर ब्रेक दुरुस्त केले, पण लोक त्याला ओळखत ते बिल्लेवाला म्हणून. नेपोलियनशी लढलेल्या इंग्रज शिपायांच्या उंच काळ्या टोप्यांवर समोर पितळी बिल्ला असे: राजाची अक्षरं, वर मुकुट. क्लिफर्ड ते जमवायचा. लग्नानंतरच्या सहलीला त्याने बेरिलला समुद्र दाखवण्याऐवजी जुना बाजार दाखवला होता. ‘माझ्या सवती,’ असं ती बिल्ल्यांना म्हणे, आणि कोरड्या फडक्याने सवतींची धूळही तीच पुसे.

अलीकडे खरे बिल्ले कुणालाच मिळत नव्हते. क्लिफर्डला मात्र मिळत होते. तो ते मित्रांना विकायचा आणि घरी खुशीत शीळ घालायचा.

बेरिलला आधी व्हिनेगरचा संशय आला.

“क्लिफ, व्हिनेगर पितोस की काय?”

“अगं, तूच कांदे मुरवतेस ना!”

कांदे तर केव्हाच संपले होते. मागच्या धुण्याच्या खोलीला हल्ली कुलूप असे. एका सकाळी तो ते लावायला विसरला. आत टबात, मीठ-व्हिनेगरने भिजवलेल्या भुशात नवेकोरे बिल्ले निजवलेले होते. एक अर्धा उघडा राहिला होता; तेवढाच भाग लख्ख, बाकीचा दोनशे वर्षं जुना वाटावा असा हिरवाकाळा. बेरिलने दार ओढून घेतलं. दुपारी त्याच्या ताटात वाटाणे वाढताना ती एवढंच म्हणाली, “मीठ बेताने घे.”

रविवारी आर्थर ट्रँटर चहाला आला. त्यांच्या लग्नात वराच्या शेजारी उभा राहिलेला हाच मित्र. त्याच्या कपाटातले बहुतेक बिल्ले क्लिफर्डकडूनच गेलेले. आर्थर बिल्ला हातात घेतला की आधी जिभेला लावायचा. डोळे फसतात, म्हणायचा. पण पाइप ओढून ओढून जीभ केव्हाच मेली होती. उरली होती ती नुसती सवय. सगळे हसायचे, क्लिफर्ड सगळ्यात जास्त.

केकचा घास घेऊन आर्थर थबकला. “बेरिल, यात आलं घालतेस तू?”

“पहिल्यापासून घालते.”

“डॉक्टरने ईस्टरला पाइप सोडायला लावला. मेली चव परत आली बघ!”

बेरिलने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात टेबलावरच्या नव्या बिल्ल्याकडे सरकत होता, पण आर्थरने तो आधीच उचलला.

“अरे, तोंडात केक आहे तुझ्या,” क्लिफर्ड म्हणाला. “नंतर बघ.”

“बायकोसारखा काय ओरडतोस, म्हाताऱ्या?”

आर्थरने बिल्ला जिभेला लावला. चहाचा घोट घेऊन तोंड खळबळलं, पुन्हा लावला. मग तो बशीच्या कडेला हलकेच ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बेरिलला बरं वाटलं असतं.

“निघतो,” तो म्हणाला. “कपाटातले सगळे एकदा चाखून बघायचेत.”

“आत्ता? अंधार पडतोय, आर्थर.”

“जिभेला कुठे उजेड लागतो!”

क्लिफर्ड खुर्चीतून उठला नाही. बेरिल आर्थरला कोट द्यायला दारापर्यंत गेली. एक हात बाहीत घालून तो थांबला.

“तुला ठाऊक होतं का गं, बेरिल?”

दुसरी बाही तिच्या हातात होती. ती तिला पुढे करता येईना.