पेल्यातली गोळी

"मामी, आई गेली..." कुरुंदवाडहून भाच्याचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. फोन ठेवला आणि आठवला तो दोन दिवसांपूर्वी मी त्यांच्यासाठी नेलेला पाव. आता त्याला दीड महिना झाला, तरी तो पाव काही मनातून जात नाही.

नव्वदीच्या दशकात शाहूपुरीत बायकांसाठी बेकिंगचा क्लास निघाला होता. आम्ही दोघी मिळून गेलो. मैदा तोच, यीस्ट तेच, दोघींचे गोल ओव्हनही एकाच दुकानातले. तरी अक्कांचा पाव दर वेळी कापसासारखा आणि माझा एकदा बरा, तर एकदा वीट. घरात त्याला 'पाटा' असंच नाव पडलं होतं. शेवटी रडकुंडीला आले, तेव्हा अक्का मुक्कामाला आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. वहीत पीठ फुगायला 'एक तास' लिहिलेलं, म्हणून मी थंडीतही घड्याळ बघूनच पीठ ओव्हनमध्ये घालत होते. अक्का कडाडल्या, "भाकरी करताना घड्याळ बघतीस व्हय? मग पावालाच कशाला?" त्यांनी मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकली. ती तळाशी बसली. "ही वर आली की मगच पाव ओव्हनात. तवर हलायचं न्हाय." उन्हाळ्यात ती पाऊण तासात वर यायची, थंडीत दोन-अडीच तास घ्यायची. अक्का स्टूल ओढून पेल्यासमोर निवांत गप्पा मारत बसायच्या. त्या असल्या की माझाही पाव फुलायचा. एकटी असले की मला दम निघायचा नाही.

शेवटच्या आजारात त्यांना अन्न जाईना. "सुनंदीच्या हातचा पाव आणा," एवढंच म्हणाल्या. मला दुपारची एसटी गाठायची होती. गोळी अजून तळाशीच होती... मी तसंच पीठ ओव्हनमध्ये घातलं. उशाशी बसून दुधात बुडवून तुकडा भरवला. आतून गच्च, चिकट. अक्कांनी दोन घास कसेबसे गिळले आणि म्हणाल्या, "झालाय की चांगला." माझ्या पावाला कधी तोंडदेखलं बरं न म्हणणारी बाई! मी मान वर केली नाही. त्यानंतरही एसटी होती. मी थांबू शकले असते.

आता माझा पाव चुकत नाही. त्याच स्टुलावर बसते, गोळी वर येईपर्यंत हलत नाही. परवाही ती सावकाश वर आली. पाव मऊसूत झाला. एक तुकडा दुधात बुडवून तोंडात घातला... तो माझ्या घशाखाली उतरला नाही.