सरासरी सत्तावीस

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘हिशेबी’ म्हणायची, आणि ती ते कौतुक समजायची. घरामागच्या शेडमध्ये तिच्या कोंबड्या. आतोबा होते तोवर खाद्य तेच कालवायचे: तीन भाग मका, एक भाग सोयाबीनची पेंड. ते गेल्यावर आत्यानं त्यातही डोकं घातलं. मक्यात प्रथिनं नऊ टक्के, पेंडीत पंचेचाळीस. बेरीज चोपन्न, निम्मे सत्तावीस. कोंबडीला तर अठराच पुरतात. म्हणजे हा माणूस जन्मभर पेंड उधळत होता! तिनं पेंड कमी करून सहाला एक केली आणि चार दिवस आम्हाला ते ऐकवलं.

महिन्याभरात अंडी घटली. अंडी गोळा करायची सून, त्यामुळे आत्याला हाही हिशेब सोपा वाटला. अंडी न्यायला आलेल्या बायकांसमोर तिनं विचारलं, “माहेरी पोचवतेस की विकतेस, तेवढं सांग.” सून टोपली ठेवून आत गेली.

पुढे कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खाद्याचं प्रमाण विचारलं.

“अहो, नुसती सरासरी कशी चालेल? मका सहा भाग, तर नऊ सहा वेळा धरा. पंचेचाळीस एकदाच. भागिले सात. जेमतेम चौदा होतात. उपाशी आहेत बिचाऱ्या.”

आत्यानं आतोबांचं प्रमाण बोटांवर करून पाहिलं. बरोब्बर अठरा आले. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

संध्याकाळी ओट्यापाशी ती सुनेला हळूच म्हणाली, “माझं चुकलं गं.”

सून भांडी घासत होती. “बोललात चारचौघींत,” ती म्हणाली, “आणि चुकलं ते इथे होय?”

दुसऱ्या दिवशी त्याच बायका आल्या. आत्यानं सुनेला मुद्दाम बाहेर बोलावून शेजारी उभं केलं. मला वाटलं, सुटली एकदाची. अंडी का घटली ते कळलं, असं म्हणून तिनं घसा खाकरला. बायका थांबल्या. सूनही थांबली.

“पेंड खराब निघाली होती,” आत्या म्हणाली.

बायकांनी दुकानदाराला यथेच्छ नावं ठेवली. आत्या मान डोलावत राहिली आणि मला तिची इतकी लाज वाटली की मी शेडमध्ये निघून गेलो.

आता शेडमध्ये अंडी भरपूर आहेत. आत्या मात्र सुनेला काही काम म्हणून सांगत नाही. जेवताना मीठ हवं असलं, तरी गुडघे धरून स्वतः उठते.