सौरवची तायी

"काय गं, बरी हाईस न्हवं?" असं रूपालीला कुणी विचारलं, तर ती "बरी हाय की" म्हणायची, आणि तेवढं म्हणेपर्यंत तिचे डोळे मिटायचे. उभ्या उभ्या झोपायची विद्या तिला आपोआप आली होती. एकदा लसूण सोलता सोलता भिंतीला टेकून झोपली. जागी झाली तर लसूण सोललेला, भाजी शिजून खाली उतरलेली. कुणी केली? ओवीनं. दुसरं कोण करणार!

ओवी थोरली, दहा सरून अकरावं लागलेली. तिच्या पाठीवर सहा वर्षांची श्रिया, मग चार वर्षांचा सौरव, आणि शेंडेफळ म्हणजे दीड वर्षांची पिऊ. "दोन लेकी झाल्या, आता एक ल्योक होऊ दे," असं म्हणून सौरव झाला, आणि "ह्योच शेवट" म्हणता म्हणता पिऊ आली. खानापूर गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर. नवरा नागेंद्र बेळगावात फाउंड्रीत कामाला, दिवसपाळी असली की पहाटेच घर सोडायचा, रातपाळी असली की सकाळी येऊन झोपायचा. सासू अंबुबाई घरातच, पण तिच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. पाळण्याची दोरी ओढणं आणि बसल्या जागेवरून सूचना देणं, एवढं काम ती मनापासून करायची.

रूपाली स्वतः काजूच्या कारखान्यात. आठ ते पाच काजू फोडायचे. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडं काळं पडतं, मग सोलतं. राख लावा, खोबरेल लावा, काही फरक नाही. पिऊला जवळ घेताना ती बोटं आत मुडपून घ्यायची. आत जाताना सगळ्या बायकांचे फोन गेटवरच्या पेटीत ठेवायचे, ते पाचला हातात मिळायचे. तोवर घरात आकाश कोसळलं तरी कळायची सोय नव्हती.

पण कोसळायचं नाही, कारण ओवी होती. घरात सकाळी डोळे उघडल्यापासून एकच हाक चालायची. "ताईऽ, माझी चड्डी!" "ताईऽ, ह्यानं मारलं!" "ताईऽ, शी!" रूपाली चुलीपुढं बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, बरं झालं बाई, हाक मला न्हाय. असं म्हणायला तिला लाज वाटत नव्हती. इतकं दमलेल्या माणसाला लाज वाटायलाही बळ लागतं.

तर आता खरी भानगड. ओवीनं परीक्षा दिली होती आणि चिकोडीकडच्या सरकारी निवासी शाळेत तिचा नंबर लागला होता. सहावी ते दहावी तिथंच राहायचं, जेवणखाण, कपडे, पुस्तकं सगळं फुकट. गावातून तिघांचाच नंबर लागलेला. कागदावर आईबापाच्या सह्या करून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हेडमास्तरांकडं द्यायचा. नाहीतर जागा दुसऱ्याला. नागेंद्रनं मंगळवारीच चहा पिता पिता सही ठोकली आणि म्हणाला, "आता तुझं तू बघ." रूपालीनं तो कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला. बुधवारी म्हणाली, "उद्या करते." गुरुवारी म्हणाली, "पोरगी लहान हाय, एवढ्या लांब कसं पाठवायचं?" मग म्हणाली, "सगळं कन्नडमधनं शिकवणार, हिला झेपंल काय?"

"मला येतंय की कन्नड," ओवी म्हणाली. एकदाच म्हणाली. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

खरं कारण रूपालीला पक्कं ठाऊक होतं. ओवी गेली की आपण मेलो! बाकी सगळं बोलायला ठीक. अंबुबाईनं तर उघडच विचारलं होतं, "ती गेल्यावर पोरास्नी कोण बघनार गं? मी?"

शुक्रवारी पाचला रूपालीनं पेटीतून फोन घेतला, तर त्यावर अंगणवाडीतून आलेले चार मिस्ड कॉल. ती धावत घरी पोचली. सौरव पायरीवर बसून बिस्कीट खात होता, कपाळावर ही एवढी पट्टी.

"पडलाय," ओवी म्हणाली. "तीन टाके पडले. मी नेलतं सरकारी दवाखान्यात."

"तू? आणि तुझी शाळा?"

"अंगणवाडीची मालुबाई बोलवायला आलती शाळेत. तशीच गेले."

टाके घालताना याला कुणी धरलं, असं रूपालीनं विचारलं. "मीच," ओवी म्हणाली, आणि पिऊचे लंगोट दोरीवरून काढायला गेली. तिच्या फ्रॉकच्या खांद्यावर रक्ताचा डाग होता. तो तिनं धुऊन टाकला होता, पण नीट गेला नव्हता.

रूपालीचा संताप झाला. स्वतःवर झाला होता, पण माणूस स्वतःवरचा राग नेहमी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतं. शनिवारी सकाळी ती कामावर गेलीच नाही. सौरवला काखेत घातलं आणि थेट अंगणवाडी गाठली. तिथल्या महादेवी टीचर नव्या होत्या, बैलहोंगलकडच्या. त्यांचं मराठी तोडकंमोडकं. रूपाली चंदगडची, लग्न होऊन इकडं आलेली. बारा वर्षांत तिला कन्नड इतकंच आलं होतं की 'बा' म्हणजे ये आणि 'साकु' म्हणजे पुरे. 'साकु' हा शब्द तिला फार आवडायचा.

"ओ टीचर, पोराचं डोकं फुटलं आणि तुम्ही दहा वर्साच्या पोरीला बोलवता व्हय? तिच्या हातात दिऊन मोकळ्या? आई मेली काय याची?"

महादेवी टीचर गोंधळल्या. "नाही हो, मी फोन केला, चार वेळ केला. उचलला नाही. मग मी मालुबाईला म्हटली, तायीला बोलवून आण. मी तायीलाच बोलवली. ही पोरगी आली, मला वाटली, तायी मागून येणार."

"तेच म्हणतेय की! ताईला कशाला? आईला बोलवायचं!"

"अय्यो, तायी म्हणजे आईच की!"

आत खिचडी ढवळणारी मदतनीस मालुबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि हसायलाच लागली. "अगं रूपे, कन्नडात आईला तायी म्हणत्यात. त्या त्यांच्या भाषेत आई म्हणाल्या, तू तुझ्या भाषेत बहीण ऐकलीस."

टीचरही हसल्या, पण लगेच थांबल्या. त्यांनी आतून त्यांची कच्ची वही आणली, पान काढलं आणि सौरवच्या नावापुढं बोट ठेवलं. कन्नड अक्षरं. रूपालीला वाचता येईनात. मालुबाईनं वाचलं, "तायीचं नाव, ओवी."

"पयल्या दिवशी मीच विचारली याला," टीचर म्हणाल्या. "तुझी तायी कोण? म्हणाला, ओवी. मी लिहिली. आणि हा रोज रडतो ना, तायी पाहिजे, तायी पाहिजे. मी म्हणते, येणार रे, तायी संध्याकाळी येणार. एवढा आईचा वेड असलेला मुलगा मी बघितलीच नाही!"

रूपालीला हसू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. ती मालुबाईकडं वळली. कुणावर तरी ओरडायचं अजून बाकी होतं.

"तुला तर दोन्ही भाषा येत्यात की गं. तुला कळलं नसंल व्हय, आईला बोलवायला सांगितलंय ते?"

मालुबाईचं हसणं थांबलं. "कळलं होतं गं," ती म्हणाली. "पर तू कारखान्यात, फोन पेटीत. आणि खरं सांगू, राग मानू नगंस. सौरवला काय झालं की आमच्या डोक्यात ओवीच येती. मी तुझा इचारबी केला न्हाय."

टीचरनी वहीत ओवीचं नाव खोडलं आणि रूपालीला विचारून वर 'रूपाली' लिहिलं. एवढंच काम. पेनाची एक रेघ. रूपाली सौरवला तिथंच सोडून घरी निघाली आणि रस्त्यात तिला रडू फुटलं. रडत रडत चालली, कारण थांबून रडायची तिला सवय नव्हती. पोरगा रोज जिच्या नावानं हंबरडा फोडतो ती आपण नव्हे, हे तिला लागलं. आणि त्याहून जास्त लागलं ते हे की हे सगळं तिला ठाऊक होतं. रोज चुलीपुढं बसून 'बरं झालं, मला न्हाय' कोण म्हणत होतं?

दुपारी शनिवारची अर्धी शाळा सुटून पोरी घरी आल्या, येताना सौरवलाही घेऊन आल्या. जेवणं झाली, सौरव आतल्या खोलीत झोपला, पिऊ पाळण्यात. अंबुबाई दोरी धरून डुलक्या घेत होती. रूपाली परड्यात भांडी घासत होती. खिडकीतून तिला ओवीचा आवाज ऐकू आला.

"हे बघ श्रिया. पिऊला डाव्या कुशीवर झोपवायचं, उजव्या न्हाय, उजव्या कुशीवर ती रडती. सौरवचं दूध गाळून द्यायचं, साय आली की थुकतो. आज्जीची गोळी जेवल्यावर. कळलं? सांग बघू पुन्हा."

"डाव्या कुशीवर," श्रिया म्हणाली. "साय काढायची. आज्जीची गोळी जेवल्यावर."

"आणि आईला हाका मारायच्या न्हाईत. ती दमलेली असती."

रूपालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. सहा वर्षांची पोर! जिला अजून स्वतःच्या वेणीची गाठ मारता येत नाही, तिला गोळ्यांच्या वेळा पाठ करायला लावलेल्या. म्हणजे ओवीनं जायचं मनात धरलं होतं, आणि आईकडं पुन्हा हट्ट न करता आपल्या जागेवर दुसरी बसवून जायची तयारी चालवली होती. ओवीला पाठवलं तरी काय होणार? एक गेली की दुसरी. श्रिया दमली की पिऊ आहेच. आणि आपण चुलीपुढं बसून डोळे मिटणार. साकु, ती मनात म्हणाली. साकु आता.

तिनं हात पुसले. पिठाचा डबा उचलला, खालचा कागद काढला. त्यावर पीठ सांडलं होतं, ते फुंकलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"ओवे, पेन आण गं."

ओवी आली आणि दारातच थांबली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, भीतीच होती, आई कागद फाडते की काय अशी.

"सगळं कन्नडमधी हाय. सही कुठं करायची?"

ओवी शेजारी बसली. "हे तंदे. तंदे म्हंजे वडील, त्यांची झालीया. आणि हे..." तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर लावून वाचलं आणि मग हळूच म्हणाली, "हे तायी. हितं तायी म्हंजे तू, आई."

मालुबाईकडून हिला सकाळचं सगळं कळलंय, हे रूपालीला त्या एका वाक्यात समजलं. तिनं पेन धरलं. सातवीपर्यंत शिकलेली, सही येत होती, पण काळ्या पडलेल्या बोटांत पेन घसरत होतं. 'रूपाली नागेंद्र' असं लिहिलं. कागदाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. ओवीनं तो पुसून बघितला, गेला नाही.

"असू दे," ओवी म्हणाली.

"श्रियाला काय शिकवत हुतीस मगा?"

ओवी कागदाची घडी घालू लागली.

"तिला खेळू दे. सोमवारपास्नं मी कारखान्यात दहाला जानार हाय. किलोवर काम हाय, जेवढं हुईल तेवढं. तुझ्या बाला सांगते, रातपाळीच्या आठवड्यात सकाळी पोरं त्यानं बघायची. साय काढता येती त्यालाबी." हे सगळं कसं जमायचं, ते तिला बिलकूल माहीत नव्हतं. बोलतानाच तिला जांभई आली.

एवढ्यात आतल्या खोलीत सौरव झोपेतून उठला. टाके ठणकत असणार. नेहमीसारखा गळा काढला.

"ताईऽऽ!"

ओवीचे गुडघे जमिनीवरून सुटलेसुद्धा. रूपालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसवलं.

"तू जा हेडमास्तरांकडं. पाचच्या आत दे कागद. ही हाक माझी हाय."

ती कमरेला हात लावून उठली आणि आत गेली. सौरवनं आईला बघितलं आणि पाय आपटले. "तू नगंस! ताई पायजे! ताई!"

"व्हय रं माझ्या राजा," रूपाली म्हणाली आणि बोटं आत मुडपून न घेता तिनं त्याला उचललं. "तायीच हाय मी."