फक्त स्वतःचं ऐकणारा सर्व्हर

"गप्प बसणाऱ्यापेक्षा नाही म्हणणारा बरा, आत कुणीतरी आहे एवढं तरी कळतं," शायलोबेक एकदा म्हणाला होता.

तरुणपणी तो टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. वर तारेला कान लावला की किरगिझस्तानातल्या नारीन नदीच्या दरीतली सगळी माणसं आपल्या अंगातून वाहताहेत असं वाटायचं. पुढे खांब गेले. तो रुग्णालयाचे संगणक सांभाळू लागला, पण चालताना अजूनही दूरची तार ऐकत असल्यासारखा दिसे.

त्या सकाळी रक्तपेढीत एका बाळंतिणीसाठी दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. देणाऱ्यांची यादी सर्व्हरवर, आणि तिथं नोंदी ठेवणाऱ्या बुरुलचाचा संगणक सर्व्हरपर्यंत पोचेना.

"आके, सर्व्हर मेला!" थोरल्या भावाला मारावी तशी तिने शायलोबेकला हाक मारली.

"लगेच मातीला कशाला निघालीस? आधी हाक तर मारू."

तिच्या संगणकावरून सर्व्हरच्या पत्त्यावर त्याने हाक पाठवली. उत्तर आलं. म्हणजे तार शाबूत, यंत्र जागं. मग त्याने यादीचं पोर्ट, म्हणजे यंत्रातलं तिचं दार ठोठावलं, क्रमांक पाच हजार चारशे बत्तीस. तत्काळ नकार.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, मीच काहीतरी दाबलं," बुरुलचा पुटपुटली. "प्रिंटर बिघडला तेव्हापासून वीज गेली तरी माझंच नाव."

"एवढी ताकद असती तुझ्या बोटांत, तर धरणावर नेलं असतं तुला."

खालच्या खोलीत पंखे घुमत होते. खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड पाण्यासारखा आत साचला होता. सर्व्हरसमोरच बसून त्याने यादी मागितली. लगेच उघडली. मग त्याने सेटिंग पाहिलं. एक ओळ: फक्त स्वतःचं ऐक.

ओळ त्याचीच होती. काल संध्याकाळी जुन्या नोंदी साफ करताना कुणी मध्ये येऊ नये म्हणून लिहिलेली, आणि बदलायची राहिलेली. बायको गेल्यापासून घरात आपणही असेच राहतो, हे त्याला त्या उजेडात कुठूनतरी लांबून दिसलं.

त्याने ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. शायलोबेक जिना चढून वर आला तेव्हा यादी उघडली होती आणि बुरुलचा तिच्यातल्या एका थोरल्या बाईशी फोनवर ओरडून बोलत होती.

"सोनुन एजे, तुमचं रक्त हवंय, आत्ता!"

"अगं, लोकर पिंजतेय. हात लोकरीने भरलेत. अशीच येऊ?"

"अश्शाच या!"

डॉक्टरीण दारात उभी होती. "काय केलं होतंस गं, बुरुलचा?"

"तिने नाही, मी," शायलोबेक म्हणाला. "काल मीच सर्व्हरला बाहेरच्यांचं ऐकू नकोस म्हणून सांगितलं, आणि विसरलो."

"आणि बाळंतीण गेली असती तर?"

त्याने खुर्चीवरची टोपी उचलली, काठ बोटांनी सरळ केला, आणि बाहेर पडला.