जीभ वर कर

नाशिकच्या एका कॉलेजात मी लादी पुसतो. शिक्षण चौथी. तिथल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत एक मॅडम रोज येते, माझ्या पोरीच्या वयाची. नाव मी कधी विचारलं नाही. चपला ती दाराबाहेर काढते आणि यंत्रावर वाकली की श्वास रोखून धरते. माझी बादली आपटली की ओरडते, "बाबा, हळू! फाटला ना माझा पडदा!"

एकदा मी चिडलोच. "ओ मॅडम, असला कसला पडदा? दिसत तर नाय."

ती हसली. म्हणाली, "आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला असतो तसा. मी तो केसाहून कितीतरी बारीक भोकांवर अंथरते. मग उजेडात चमकणारं औषध सोडते आणि बघते, पलीकडे जातं का."

"गिळलं म्हणजे जातंच की."

"नाही बाबा. कधी कधी पेशीच्या दारातच अडतं. पेशंट बिचारा वेळेवर गोळ्या घेत असतो."

फडका माझ्या हातातच राहिला.

माझी बायको दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा मला वाटलं, ही चोरून थुंकते. शेवटचा महिनाभर प्रत्येक गोळीनंतर मी तिला तोंड उघडायला लावायचो. म्हणायचो, "जीभ वर कर." ती जीभ वर करायची आणि म्हणायची, "सप्तशृंगीची शपथ, गिळली हो." मी म्हणायचो, "खोटारडी."

"काय झालं, बाबा?" मॅडमने विचारलं.

मी वाकून पुन्हा लादी पुसायला लागलो. तेव्हापासून तिच्या दाराशी मी बादली दोन्ही हातांनी खाली ठेवतो.